कॅसेटवरचा सावळ घाट

टीव्ही आमचा होता आणि कॉम्प्युटर वर्षाचा. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण कुणीतरी आमच्या घराकडे बघूनच केली असावी असं मला त्या दिवसांत वाटायचं. दात खालच्या मजल्यावर होते, चणे वरच्या. मधे एक अरुंद जिना होता, आणि त्या जिन्यावरून माझी चुलत बहीण वर्षा संध्याकाळी तो कॉम्प्युटर टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून खाली आणायची. तिचे पैंजण वरच्या पायरीवर वाजले की मला आनंदही व्हायचा आणि पोटातही दुखायचं. काकू तो कॉम्प्युटर लोखंडी कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवायची, त्यामुळे टॉवेल उघडला की आधी डांबरगोळ्यांचा वास यायचा. आता पन्नाशी मागे पडली, गुडघे बोलू लागले, पण कुणाच्या कपाटातून तो वास आला की आजही माझी जळजळ तेव्हाच्याच जागी सुरू होते.

आमचं घर पेठ रोडला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला होतं. माझे बाबा आणि धाकटा रमेशकाका, दोघांनी मिळून बांधलेलं. खाली आम्ही, वर काका. दोघे भाऊ सायखेड्याहून शिकायला म्हणून नाशकात आले आणि हाताला लागेल ते काम करत इथलेच झाले. बाबा बस दुरुस्तीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. पेठच्या रस्त्याला गाडी बंद पडली की ब्रेकडाउनच्या गाडीतून त्यांनाच पाठवायचे, आणि गाड्या बंद पडायच्या त्या बहुधा सावळ घाटातच. संध्याकाळी मात्र ते घरी असायचे. यार्डात कोथिंबिरीचे लिलाव सुरू झाले की थोड्या वेळात बाबांची सायकल दारात लागायची, मग मोरीत कपड्याच्या साबणाने हात घासण्याचा आवाज, मग आईने तव्यावर टाकलेल्या भाकरीचा. बाबा बोलायचे फार कमी. जेवण आवडलं तर 'हं', नाही आवडलं तरी 'हं'. त्या दोन हुंकारांतला फरक आईला कळायचा, मला कधी कळला नाही.

कॉम्प्युटर येण्याआधी घरातली राणी मी होते. आमच्याकडे लाकडी शटरचा, काळापांढरा टीव्ही होता, आणि रविवारच्या पिक्चरला काकू नि वर्षा खाली येऊन बसायच्या. काकू येवल्याची, पैठणी विणणाऱ्यांच्या घरातली, बोटं सतत काहीतरी करत असायची. पिक्चर बघता बघता ती आमचीही मेथी निवडून द्यायची. तरी आई म्हणायचीच, "टीव्ही काय, सगळ्यांचाच हाय. लाइटीचं बिल तेवढं आमचं." काकू ऐकून न ऐकल्यासारखं करायची. वर्षाला मी मुद्दाम दाराजवळची जागा द्यायचे, जिथून पडद्याचा कोपरा दिसायचा नाही. ती मान वाकडी करून बघत बसायची. भाऊबंदकी शिकायला आम्हाला शेतजमीन लागली नाही, टीव्हीवर भागलं.

मग रमेशकाका मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर गेला आणि पहिल्या सुट्टीला येताना तो कॉम्प्युटर घेऊन आला. खजूर होते, संत्र्याच्या चवीची पावडर होती, काकूला सेंट होतं, मला रंगीत खोडरबर होतं, आणि वर्षाला हा. वहीपेक्षा थोडा मोठा, काळा, रबराची करडी बटणं; बटण दाबलं की मेलेल्या मुंगसाच्या पाठीवर बोट ठेवल्यासारखं वाटायचं, अर्थात ही उपमा माझ्या जळण्यातून आलेली आहे. दुकानदाराने काकाला सांगितलं होतं की पुढच्या काळात पोरं ह्याच्यावरच शिकणार. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. त्या काळातले घरगुती कॉम्प्युटर असेच असायचे, टीव्हीची अँटेना काढायची आणि तिथे ह्याची वायर खोचायची. आईने विचारलं, "मग टीव्ही कुठंय?" काका सहज म्हणाला, "खाली हाय ना, वहिनी." आई हसली, पण मला ते हसू माहीत होतं.

ह्या यंत्राला आठवण नव्हती, म्हणजे बंद केलं की सगळं विसरायचं. आज सकाळी सकाळी फोनवर फुलांची जी सुप्रभातची चित्रं येतात, त्यातलं एक चित्रसुद्धा त्याच्या पोटात मावलं नसतं. गेम असायचे साध्या गाण्याच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर वायरीने कॉम्प्युटरला जोडायचा, कॅसेट लावायची, आणि मग सगळ्यांनी गप्प बसून ऐकायचं. आधी एक लांब शिट्टी, मग खर्रर्र असा आवाज, आणि पडद्याच्या कडेने पट्टे धावायचे. आवाज जरा जास्त झाला तर बिघडलं, कमी झाला तर बिघडलं, आणि मधेच विजेचा दाब हलला तर कॉम्प्युटर सगळं सोडून कोरा होऊन बसायचा. हे शेवटचं कळल्यावर आईच्या हातात एक शस्त्रच आलं. काकूशी काही बिनसलं असलं की बरोबर खर्रर्र चालू असताना आईला शेंगदाण्याची चटणी आठवायची. मिक्सर घुर्र करून फिरायचा, पडद्यावरचे पट्टे थरथरायचे आणि गेम मरायचा. "मला काय म्हाईत बाई," आई आतून म्हणायची, "पोळ्यांबरोबर काय खातील पोरी?" त्या वर्षी आमच्याकडे जेवढी चटणी झाली तेवढी पुन्हा कधी झाली नाही.

आवाजाचं बटण माझ्याकडे आलं ते अपघाताने. वर्षाचा गेम पुन्हा पुन्हा फसत होता आणि मी चिडून म्हणाले, "अगं, हा आवाज घोगरा आहे, थोडा कमी कर." केला, आणि गेम लागला. मला ते ऐकूनच कळायचं. कसं, ते सांगता येणार नाही. भाकरी टम्म फुगणार की नाही हे आईला हातावर थापतानाच कळायचं तसंच काहीतरी. तेव्हापासून वर्षाने मला टेपरेकॉर्डरजवळ बसवलं. कॅसेट लागेपर्यंत माझी गरज, लागली की खेळायची ती. ती खेळायचीही सुरेख. तिची बोटं तिच्या आईची, भराभर चालणारी. उड्या मारणारा एक माणूस होता, तो ती पडद्याच्या पार शेवटापर्यंत न्यायची आणि मी बाजूला बसून बटण धरल्याच्या कौतुकावर समाधान मानायचं. "आता तू," असं म्हणून ती मला द्यायची तेव्हा आईची हाक यायची किंवा बातम्यांची वेळ व्हायची. हे ती मुद्दाम करत होती असं मला तेव्हा वाटायचं. आजही वाटतं.

कॉम्प्युटरबरोबर एक इंग्रजी पुस्तक आलं होतं. त्यात कॉम्प्युटरला हुकूम कसे द्यायचे ते होतं. वर्षाने ते उघडूनही बघितलं नाही, म्हणून मी मागितलं, आणि तिने ते इतक्या सहज दिलं की मला राग आला. जी गोष्ट मला हवी तिची तिला किंमतच नव्हती. मी डिक्शनरी घेऊन ते वाचत गेले आणि वर्षाचं खेळून झालं की उरलेल्या वेळात रबराची बटणं दाबत बसले; बंद केलं की सगळं जायचं, मग दुसऱ्या दिवशी आठवून पुन्हा पहिल्यापासून. रस्त्याच्या दोन कडा म्हणून दोन उभ्या रेघा, खड्डे म्हणून चांदण्या, आणि वरच्या बाजूला इंग्रजी व्ही, ती बस. रस्ता खालून वर सरकायचा आणि बस डावीउजवीकडे करत खड्डे चुकवायचे. हा तिचा गेम नव्हता, कुणाच्या कॅसेटवर आलेला नव्हता, हा माझा होता. त्याला नाव मी पहिल्या दिवसापासून सावळ घाट दिलं होतं.

वळणं बाबांकडून घेतली. जेवताना विचारायचे, "बाबा, घाट लागला की पहिलं वळण कुठल्या हाताला?" बाबा आमटीत भाकरी चुरत म्हणायचे, "डाव्या." दुसऱ्या दिवशी पुढचं. कधी ते नुसता हात हवेत वळवून दाखवायचे. "तिथं जरा दम असतो, मंग लगीच उजवीकडं." का विचारते ते त्यांनी कधी विचारलं नाही. बोलणं वाढेल म्हणून विचारत नसतील असं मी धरून चालले होते. पण त्या निमित्ताने बाबा रोज माझ्याशी दोन वाक्यं बोलत होते, आणि मी ती मशीनमध्ये भरत होते.

बाबांच्या न बोलण्याचं मला एवढं वाटण्याचं कारण पुन्हा वरचा मजलाच होता. रमेशकाका पत्रं लिहीत नसे. तो कॅसेटवर बोलून पाठवायचा. तेव्हा आखातात गेलेल्यांच्या घरोघरी ही पद्धत होती: एका बाजूवर तिकडचा माणूस बोलणार, दुसरी बाजू कोरी ठेवणार, आणि इकडच्यांनी त्या बाजूवर उत्तर भरून कुणी परत जाणारा भेटला की त्याच्या हाती द्यायचं. कॅसेट आली की आम्ही सगळे काकूकडे वर जमायचो. काकाचा आवाज खोलीभर व्हायचा. "वर्षे, बाळा, जेवली का? तुझ्या बोटाला लागलं होतं ते बरं झालं का?" वर्षा खाली बघत स्वतःचं बोट कुरवाळायची. माझे बाबा रोज समोर जेवायला बसायचे, त्यांनी मला बाळा म्हटल्याचं मला आठवत नाही. कॉम्प्युटरबद्दल मी जितकी जळले त्याहून त्या एका 'बाळा'वर जास्त जळले. आमचा टेपरेकॉर्डर स्वस्तातला होता, जुनं नीट पुसायचा नाही; एखाद्या कॅसेटवर दुसऱ्यांदा काही भरलं की नव्या बोलण्याच्या तळाला जुनं बोलणं बारीक ऐकू यायचं. काकू त्यावर म्हणायची, "असू दे, डबल ऐकायला मिळतं."

घाट पूर्ण झाला त्या शनिवारी कोरी कॅसेट कुणाकडेच नव्हती. वर्षा काकूबरोबर येवल्याला मामाकडे गेली होती आणि जाताना, मी फार विनवण्या केल्या म्हणून, कॉम्प्युटर खाली ठेवून गेली होती. बंद केला असता तर सगळा घाट गेला असता. म्हणून तो दिवसभर आणि रात्रभर चालूच ठेवला. संध्याकाळपर्यंत मी त्याच्याजवळून हलले नाही. दुपारी आई आतून बाहेर आली, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मागच्या ओट्यावर जाऊन पाट्यावर चटणी वाटायला बसली. काकूच्या कॉम्प्युटरसाठी तिने ते जन्मात केलं नसतं. संध्याकाळी बाबा आले. "हे काय?" म्हणाले. मी म्हटलं, "सावळ घाट." त्यांनी उभ्याउभ्या थोडा वेळ बघितलं, "हं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. मी रडकुंडीला आले. हुंकाराचा अर्थ विचारायला आई जवळ नव्हती. रागारागाने मी यार्डापर्यंत चालत गेले, कोथिंबिरीच्या ढिगांमधून उगीच फिरले आणि परत आले तेव्हा बाबा ताटावर बसले होते आणि पडद्यावर घाट तसाच होता.

रविवारी सकाळी वर्षा आली. मी जिन्यातच तिला गाठून म्हटलं, "एखादी कॅसेट दे ना, कसलीही." ती वर गेली आणि एक घेऊन आली. "ही घे. ही बाजू कोरी आहे." मी त्या बाजूवर घाट भरला, एकदा फसला तर म्हणून लागोपाठ दोनदा, आणि ओळखायला आईच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला. कॅसेट परत तिच्याकडेच गेली, कारण सगळ्या कॅसेट वरच राहायच्या. माझा घाट तिच्या कपाटात, तिच्या आईच्या शालूखाली जाऊन बसला. मला हे लागलं होतं, पण चणे त्यांचे होते, ठेवायची जागाही त्यांचीच.

पुढचं घडलं ते एका सुट्टीच्या सकाळी. ओझरचा कुणीतरी मस्कतला निघाला होता आणि दुपारी येऊन कॅसेट नेणार होता. सगळे वर जमले. काकूने पोहे केले होते. उत्तर भरण्याचा आमच्याकडे क्रम ठरलेला होता: आधी थोरला भाऊ म्हणून बाबा, मग आई, मग आम्ही पोरी, मग काकू. मोठ्या दिरासमोर काकू नवऱ्याशी काय बोलणार, चार औपचारिक वाक्यं बोलायची आणि मग टेपरेकॉर्डर घेऊन आतल्या खोलीत जायची. तिथे ती उरलेली बाजू संपेपर्यंत बोलायची आणि कुणी त्याबद्दल विचारायचं नाही. बाबांचं बोलणंही ठरलेलं. "रम्या, दादा बोलतोय. इकडं समदं ठीक हाय. तब्येतीला जप." संपलं. आवाजाचं बटण सवयीने माझ्याकडे होतं. वर्षाने कॅसेट घातली, दोन बटणं एकदम दाबली आणि बाबांकडे बघून मान हलवली.

बाबांनी घसा साफ केला. "रम्या, दादा बोलतोय." मी खाली बघितलं तर झाकणाच्या काचेतून लाल ठिपका दिसला.

मला आधी कळलंच नाही, आणि मग एकदम सगळं कळलं. काकाने उत्तरासाठी कोरी ठेवलेली बाजूच वर्षाने मला दिली होती. पहिला घाट त्या क्षणी बाबांच्या आवाजाखाली जात होता. पण बाबा लगेच थांबणार होते, दुसरा घाट पुढे होता, तो वाचणार होता. बाबांचं 'तब्येतीला जप' झालं की बटण दाबायचं आणि सांगायचं, दुसरी कॅसेट लावा. बोट मी स्टॉपच्या बटणावर नेऊन ठेवलं. वर्षा माझ्या बोटाकडे बघत होती. बाबा म्हणाले, "इकडं समदं ठीक हाय. तब्येतीला जप." आणि श्वास घेतला. मी बोटाला जोर दिला.

"आन हे बघ, एक सांगायचं ऱ्हायलं," बाबा म्हणाले. "तुझ्या त्या यंत्रावर आपल्या संगीनं घाट बनवलाय. सावळ घाट. येकटीनं. पुस्तक वाचून वाचून. पोरगी भाईर गेली व्हती तवा म्या चालवून बघितला. दोनदा दरीत गेलो." ते हसले. बाबांना असं हसताना मी फार कमी बघितलंय. "वळणं बराबर घेतल्यात. दम खायच्या जागेला दमसुदिक ठिवलाय. म्या येवढी वर्सं तिथं गाड्या काढतो, पन मला आसं कुनाला दाखवता आलं नसतं. लय हुशार हाय पोरगी. माझ्या तोंडातून तिला सांगनं व्हत नाय. तू आलास म्हंजी तू सांग."

मी तिथेच बसलेली होते, हातभर अंतरावर. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही, ते टेपरेकॉर्डरशीच बोलत राहिले, घाटाबद्दल, एकदा भर पावसात तिथे अडकलेल्या गाडीबद्दल, मग पुन्हा माझ्याबद्दल. कॅसेट फिरत होती. दुसरा घाट कधी लागला आणि कधी गेला ते मला आतल्या आत नेमकं कळत होतं, कारण त्याची लांबी माझ्या कानात होती. माझं बोट बटणावरच होतं. एवढंसं दाबलं असतं तर घाट राहिला असता आणि बाबा थांबले असते, आणि एकदा थांबलेले बाबा पुन्हा सुरू होत नसत. मी बोट काढून घेतलं.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "काका, मी बरी आहे." पुढे आवाज फुटेना. सगळ्यांना वाटलं, पोरीला काकाची आठवण आली. नंतर काकू टेपरेकॉर्डर घेऊन आत गेली आणि दार लोटलं.

जिन्यात मी वर्षाची वेणी धरली. "तुला माहीत होतं." ती सोडवून घेत नव्हती. "ती बाजू माझ्या बाबांची होती," ती म्हणाली. "मग मला दिलीस कशाला?" ह्यावर ती वेणी सोडवून घेऊन वर निघून गेली. त्यानंतर कॉम्प्युटर काही दिवस खाली आला, पण मी आवाजाच्या बटणाला हात लावला नाही. घाट पुन्हा बनवायला बसले तर खड्डे आले, वळणं येईनात. बाबांना पुन्हा विचारायची मला लाज वाटायला लागली होती. एवढं सगळं ऐकल्यावर साधं 'डावं की उजवं' कसं विचारणार. काकाच्या पुढच्या सुट्टीत वर त्यांचा स्वतःचा टीव्ही आला, रंगीत, आणि नवा टेपरेकॉर्डरही. त्यांना खालच्या दातांची गरज उरली नाही. जिन्यावरचे पैंजण बंद झाले. संध्याकाळी आमच्या छतातून खर्रर्र ऐकू यायचं, आवाज जास्त झालेला मला खाली अभ्यासाच्या पुस्तकावर बसून कळायचा, गेम आता फसणार हे कळायचं, आणि तो फसायचा. एकदा हाक मारली असती तर मी धावत गेले असते. तिने मारली नाही, मीही वर जाऊन सांगितलं नाही.

पुढे वर्गातल्या पोरांकडे टीव्हीला लावायचे व्हिडिओ गेम आले, पिवळ्या कार्ट्रिजचे. खोचलं की लगेच सुरू, ऐकत बसायची गरज नाही. मग ऑफिसांत खरे कॉम्प्युटर आले आणि मी सगळी नोकरी दुसऱ्यांच्याच कॉम्प्युटरवर बसून केली. गेल्या वर्षी गंगापूर रोडला एका हौशी गृहस्थांनी जमवलेल्या जुन्या कॉम्प्युटरचं आणि गेमच्या यंत्रांचं प्रदर्शन होतं. तिथे काचेत तो होता. रबराची बटणं चिकट झालेली, आणि शेजारी कार्ड: वर्षाच्या नावाने, सप्रेम भेट. लोक वाकून वाकून बघत होते. एक मुलगा आईला विचारत होता, "ह्याला स्क्रीन कुठंय?" मी ते कार्ड दोनदा वाचलं. तिने तो द्यायच्या आधी मला एकदा विचारायला हवं होतं.

बाबा गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा फोटो आहे, सायकलचं कुलूप आहे, आवाज कुठे नाही. आवाज आहे तो त्या एका कॅसेटवर, आणि ती कॅसेट काकाच्या ट्रंकेतून मस्कतहून परत आली ती वर्षाकडे. काकाने ती शेवटपर्यंत जपली होती, बहुधा आतल्या खोलीतल्या काकूच्या बोलण्यासाठी. टेपरेकॉर्डर मात्र चालू स्थितीतला आता फक्त माझ्याकडे आहे, तोच जुना, पट्टा बदलून घेतलेला. म्हणजे पुन्हा तेच, दात माझे आणि चणे तिचे. दर पितृपक्षात एका दुपारी ती माझ्याकडे जेवायला येते आणि पर्समधून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढते. रुमालाला डांबरगोळ्यांचा वास असतो. मागे एकदा मी तिला म्हटलं, ठेव ना माझ्याकडे. ती म्हणाली, "तुझ्याकडे ठेवली तर मी कशाला येऊ?" तिच्या मुलाने मला ती फोनवर भरून दिली, बाबांचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं. "मावशी, मागची सगळी खरखर काढून टाकली," तो अभिमानाने म्हणाला. मी त्याला शाबासकी दिली आणि ती फाइल पुन्हा उघडली नाही.

यंदा आली तेव्हा खीर वाढताना मी तिला इतक्या वर्षांनी पुन्हा विचारलं, "ती बाजू मला कशाला दिलीस गं?" ती वाटीतला मनुका बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "तुझे बाबा रोज संध्याकाळी घरी यायचे." आणि चमचा वाटीत ठेवून, "तू त्यांना जेवताना वळणं विचारायचीस ना, मी जिन्यात बसून ऐकायचे." मी तिला आणखी खीर वाढली. दुसरं काय करणार होते.

जेवण झाल्यावर तिने कॅसेट लावली आणि मी सवयीने आवाजाच्या बटणाजवळ बसले. "रम्या, दादा बोलतोय," बाबा म्हणाले. वर्षाने डोळे मिटले. ती काकूच्या आवाजाची वाट बघत असते. मी बटण हळूच थोडं वाढवलं, ऐकून कळेल एवढं. बाबा दोनदा दरीत गेल्याचं सांगून हसले, आणि त्या हसण्याच्या तळाशी, अगदी बारीक, आधी एक लांब शिट्टी आणि मग खर्रर्र सुरू झालं. पहिलं वळण डाव्या हाताला. वर्षाला ते ऐकू येत नाही. मी तिला अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.